शनीचा आयापेटस कोणी बांधला आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शनीचा आयापेटस हा उपग्रह नैसर्गिक नसून कोणीतरी बांधलेला पोकळ गोळा आहे, त्याच्या विषुववृत्तावरची सरळ भिंत ही दोन अर्धगोल जोडल्याची शिवण आहे, त्याची एक बाजू काळी आणि दुसरी पांढरी असणे निसर्गात शक्य नाही आणि छायाचित्रांत त्याच्यावर षट्कोनी रचना दिसतात, असे एका चित्रफितीत सांगितले आहे. प्रश्नकर्त्याला हे जाणून घ्यायचे आहे की अभ्यासक या दाव्याकडे दुर्लक्ष करतात की त्यामागची माहिती दडवतात.

ग्रह-उपग्रहांच्या छायाचित्रांवर प्रक्रिया करण्याचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे आणि आयापेटस हा त्यातला माझा सर्वांत आवडता विषय आहे. म्हणून हे उत्तर जरा लांबेल. आधी एक मान्य करते. या दाव्याचा पाया असलेली बहुतेक निरीक्षणे खरी आहेत. भिंत खरी आहे, दोन रंग खरे आहेत, घनता खरोखरच कमी आहे आणि शनीच्या इतर मोठ्या उपग्रहांच्या तुलनेत आयापेटसची कक्षा खरोखरच विचित्र कललेली आहे. निरीक्षणे खरी असल्यामुळेच या दाव्याला हसून वाटेला लावणे योग्य नाही. तो चुकतो तो निरीक्षणांवरून निष्कर्षाकडे जाण्याच्या वाटेवर, आणि नेमका कुठे चुकतो ते प्रत्येक मुद्द्याबाबत वेगळे दाखवावे लागते.

दोन रंगांपासून सुरुवात करू, कारण हे कोडे सर्वांत जुने आहे. जोव्हानी डोमेनिको कॅसिनी यांनी १६७१ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसहून आयापेटस शोधला तेव्हा तो शनीच्या पश्चिमेला होता. काही आठवड्यांनी तो पूर्वेला दिसायला हवा होता, पण तिथे तो सापडेना. पुढच्या फेऱ्यांतही तेच घडत राहिले. पश्चिमेला तो दिसे आणि पूर्वेला नाहीसा होई. कॅसिनींनी त्यावरून दोन गोष्टी ताडल्या. एक म्हणजे या उपग्रहाचा एक गोलार्ध दुसऱ्यापेक्षा फार काळा असावा, आणि दुसरी म्हणजे आपल्या चंद्राप्रमाणे तो नेहमी एकच बाजू आपल्या ग्रहाकडे ठेवून फिरत असावा, म्हणजे कक्षेतल्या प्रवासात त्याची एक बाजू कायम पुढे आणि दुसरी कायम मागे राहत असावी. पूर्वेकडचा अंधुक आयापेटस त्यांना अखेर १७०५ मध्ये, अधिक चांगल्या दुर्बिणीतून दिसला. केवळ एक ठिपका कधी दिसतो आणि कधी दिसत नाही एवढ्यावरून काढलेला हा निष्कर्ष आज शब्दशः खरा ठरला आहे, आणि खगोलशास्त्रातल्या सुंदर अनुमानांपैकी मी त्याला फार वर ठेवते.

पुढचा गोलार्ध काळा का, याचे उत्तर मात्र तीनशे वर्षांहून अधिक काळ मिळाले नव्हते. ते दोन टप्प्यांत मिळाले. शनीचा फीबी नावाचा एक लांबचा उपग्रह आहे. तो उलट्या दिशेने फिरतो. स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीने घेतलेल्या निरीक्षणांतून २००९ मध्ये फीबीच्या कक्षेच्या आसपास एक प्रचंड पण अत्यंत विरळ असे धुळीचे कडे सापडले. फीबीवर होणाऱ्या आघातांतून उडालेली ही धूळ हळूहळू आतल्या बाजूला सरकते, आणि ती उलट्या दिशेने येत असल्यामुळे आयापेटसच्या समोर येऊन आदळते. पावसात धावणाऱ्या माणसाची छाती भिजते आणि पाठ कोरडी राहते, तसा आयापेटसचा पुढचा गोलार्ध मळतो.

तरीही एवढ्याने भागत नाही, आणि कृत्रिमतेचे समर्थक इथे योग्य शंका घेतात. नुसती धूळ पडली असती तर काळा आणि पांढरा भाग यांच्यातली सीमा पुसट झाली असती. प्रत्यक्षात ती ठळक आहे, ध्रुव पांढरे आहेत आणि काळेपणा विषुववृत्ताजवळून मागच्या बाजूलाही घुसला आहे. याचे स्पष्टीकरण तापमानात आहे. आयापेटसला स्वतःभोवती एक फेरी घ्यायला ७९ दिवस लागतात, म्हणजे तिथला एक दिवस आपल्या सुमारे ४० दिवसांइतका लांबतो. ज्या भागावर थोडी धूळ पडली तो भाग अधिक ऊन शोषतो, तापतो आणि तिथल्या बर्फाची वाफ होते. ती वाफ जाऊन थंड जागी, म्हणजे पांढऱ्या भागावर आणि ध्रुवांकडे, पुन्हा बर्फ होऊन बसते. बर्फ गेल्यामुळे मागे राहिलेला भाग आणखी काळा होतो, म्हणून आणखी तापतो. पांढरा भाग नव्या बर्फाने आणखी उजळतो आणि आणखी थंड राहतो. काळ्या भागाचे तापमान उणे १४४ अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि पांढऱ्याचे उणे १६० पर्यंतच. फरक दिसायला किरकोळ आहे, पण बर्फाच्या बाष्पीभवनाचा वेग तापमानाबरोबर इतक्या झपाट्याने वाढतो की गणितानुसार शंभर कोटी वर्षांत काळ्या भागातून सुमारे २० मीटर बर्फ निघून जाईल आणि पांढऱ्यातून जेमतेम १० सेंटिमीटर. ही उपपत्ती मला पटते ती एका बारीक तपशिलामुळे. सीमेवरच्या प्रदेशात विवरांचे विषुववृत्ताकडे तोंड केलेले, जास्त ऊन मिळणारे उतार काळे आहेत आणि ध्रुवाकडे तोंड केलेले उतार पांढरे आहेत. रंग कुंचल्याने दिला असता तर तो प्रत्येक विवराच्या उन्हाचा हिशेब ठेवून दिला गेला नसता.

आता भिंत. याच कॅसिनींचे नाव दिलेले आणि शनीच्या अभ्यासासाठी पाठवलेले कॅसिनी यान ३१ डिसेंबर २००४ रोजी आयापेटसपासून सुमारे १ लाख २३ हजार किलोमीटरवरून गेले आणि त्या छायाचित्रांत ती पहिल्यांदा नीट दिसली. आयापेटसचा व्यास सुमारे १४७० किलोमीटर आहे. त्याच्या विषुववृत्तावरून, काळ्या प्रदेशाला छेदत, साधारण १३०० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद अशी पर्वतरांग जाते आणि तिची उंची काही ठिकाणी १३ किलोमीटरपेक्षा जास्त भरते. एव्हरेस्ट ९ किलोमीटरच्या आतच थांबतो आणि तोही याच्या आठ-नऊ पट व्यासाच्या ग्रहावर उभा आहे. पहिले छायाचित्र पाहून अक्रोड किंवा फळाची शिवण आठवणे अगदी स्वाभाविक आहे. मलाही तीच आठवली होती.

परंतु शिवण म्हणून दाखवले जाते ते दुरून घेतलेले चित्र. यान १० सप्टेंबर २००७ रोजी अवघ्या १६०० किलोमीटरच्या आसपासच्या अंतरावरून गेले, तेव्हा जे दिसले ते कोणत्याही सांध्यासारखे नव्हते. रांग जागोजागी तुटलेली आहे. काही ठिकाणी तिच्या तीन समांतर ओळी होतात. पांढऱ्या बाजूला ती सलग राहत नाही आणि तिथे एकेकटी शिखरे उरतात. त्यांतली काही त्याआधी शनीजवळून गेलेल्या व्हॉयेजर यानांच्या छायाचित्रांतच दिसली होती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रांगेवर विवरेच विवरे आहेत, म्हणजे ती आजूबाजूच्या जमिनीइतकीच प्राचीन आहे. दोन अर्धगोल जोडताना सांधा जोडणीच्या रेषेवर २० किलोमीटर रुंद आणि कित्येक किलोमीटर उंच ढिगारा का उभारायचा आणि उरलेल्या परिघावर तो का सोडून द्यायचा, याचे उत्तर दाव्यात नाही.

नैसर्गिक उपपत्ती किती पक्क्या आहेत, हा रास्त प्रतिप्रश्न आहे. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की या भिंतीबद्दल अजून एकमत झालेले नाही. एक विचारधारा म्हणते की भिंत आतून आली. आयापेटस गोल नाही, तो ध्रुवांकडे चपटा आहे. त्याची विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ७४६ किलोमीटर आणि ध्रुवीय सुमारे ७१२ किलोमीटर आहे, आणि हा आकार १६ तासांच्या आसपास एक फेरी घेणाऱ्या पिंडाला शोभणारा आहे, ७९ दिवसांत फेरी घेणाऱ्याला नव्हे. म्हणजे बालपणी तो वेगाने फिरत होता, अल्युमिनियम-२६ सारख्या अल्पायुषी किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या उष्णतेने मऊ होता, आणि वेग मंदावण्याआधीच त्याचे कवच घट्ट होऊन तो जुना आकार गोठून राहिला. या मंदावण्यातून कवचात ताण येऊन विषुववृत्तावर रांग वर आली असावी, असे हे मत आहे. त्यात अडचण ही की ताणांची गणिते केली तर भेगा आणि वळ्या विषुववृत्तावर इतक्या नेमक्या रेषेत का याव्यात हे सहज सुटत नाही.

दुसरी विचारधारा म्हणते की भिंत वरून पडली. २००६ मध्ये विंग-ह्युएन इप यांनी मांडले की आयापेटसभोवती एके काळी स्वतःचे कडे असावे आणि त्यातले तुकडे विषुववृत्तावर कोसळून ढीग झाला असावा. पुढच्या वर्षांत इतरांनी त्यात भर घातली. मोठ्या आघातातून आयापेटसला स्वतःचा छोटा उपग्रह मिळाला, तो हळूहळू जवळ आला, भरतीबलांनी (जवळची बाजू जास्त आणि लांबची बाजू कमी ओढली गेल्याने येणाऱ्या ताणांनी) फुटला आणि त्याचे कडे झाले. ‘उपग्रहाचा उपग्रह’ ही कल्पना ऐकायला कृत्रिम गोळ्याइतकीच अचाट वाटेल. तिला महत्त्व यासाठी की तिच्यात आकडा घालून पाहता येतो. आयापेटस शनीपासून सुमारे ३५ लाख ६० हजार किलोमीटर दूर आहे, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या गुरुत्वाचे राज्य सुमारे ३६ हजार किलोमीटरपर्यंत पसरते, म्हणजे त्याच्या त्रिज्येच्या जवळजवळ पन्नास पट. शनीला बिलगून फिरणाऱ्या उपग्रहांना ही चैन नाही. म्हणून अशी भिंत आयापेटसवर आहे आणि तशी त्याच्या आतल्या मोठ्या भावंडांवर नाही, हेही या उपपत्तीतून आपोआप निघते. कड्यातले तुकडे विषुववृत्ताच्या प्रतलातच फिरतात, त्यामुळे रेषेचा नेमकेपणाही समजतो. माझा कल या दुसऱ्या बाजूकडे आहे, पण भिंतीचा माथा काही ठिकाणी सपाट आणि काही ठिकाणी टोकदार का, आणि पांढऱ्या बाजूला ती विरळ का, हे मला समाधान होईल इतके कोणी सांगितलेले नाही.

घनतेचा मुद्दा लवकर संपतो. आयापेटसची घनता प्रति घनसेंटिमीटर १.०९ ग्रॅम आहे आणि एवढी कमी घनता म्हणजे आत पोकळी, असा युक्तिवाद केला जातो. ही घनता पाण्याच्या बर्फापेक्षा थोडी जास्त आहे, म्हणजे बर्फात थोडा खडक मिसळला की ती मिळते, आणि पृष्ठभागावरून परावर्तित प्रकाशाच्या वर्णपटातही बर्फच दिसतो. शनीच्याच इतर उपग्रहांपैकी टेथिसची घनता तर १ पेक्षाही किंचित कमी आहे, मिमासची १.१५ आणि ऱ्हियाची १.२४ च्या आसपास. एक पोकळ असेल तर सगळे कुटुंबच पोकळ मानावे लागेल. मी एकदा पोलादी पोकळ गोळ्याचे गणित करून पाहिले होते. आयापेटसचे वस्तुमान आणि आकार जुळवायचा तर कवच सुमारे ३५ किलोमीटर जाडीचे निघते. याच आयापेटसवर टर्जिस नावाचे ५८० किलोमीटर व्यासाचे आघातखोरे आहे. ३५ किलोमीटरच्या पत्र्याने तो आघात न फाटता, न चेमटता कसा सोसला, हे पोकळपणाच्या समर्थकांनी सांगायला हवे.

षट्कोनांबाबत मला थोडे थांबावेसे वाटते, कारण हे माझ्या कामाचे क्षेत्र आहे. कॅसिनीच्या कॅमेऱ्याचे चित्र १०२४ बाय १०२४ चित्रबिंदूंचे असे. यानाकडून आलेली ताजी छायाचित्रे लोकांना लगेच पाहता यावीत म्हणून जेपीईजी स्वरूपात, दाबून छोटी करून ठेवली जात. जेपीईजी चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील स्वतंत्रपणे गाळते. असे चित्र चार-पाच पट मोठे केले, त्यातला फरक ताणून उजळ-गडद वाढवला आणि वर कडा धारदार केल्या की त्या चौकोनांच्या सीमा सरळ रेषा आणि काटकोन बनून उगवतात. कोणत्याही अस्पष्ट चित्रावर हे करून पाहावे, शहर दिसू लागते. परीक्षा सोपी आहे. त्याच जागेचे दुसऱ्या दिवशी, वेगळ्या कोनातून घेतलेले चित्र घ्यावे. जमिनीवरची खरी रेषा नव्या चित्रात जमिनीबरोबर फिरते. प्रक्रियेतून आलेली रेषा मात्र चित्राच्या कडांना समांतरच राहते. मी ज्या ज्या ‘भिंती’ आणि ‘खोल्या’ तपासल्या त्या सगळ्या चित्राच्या कडांना समांतर निघाल्या.

खरे बहुभुज मात्र आयापेटसवर आहेत, आणि दोन गोष्टींची गल्लत इथे होते. दाटीने पडलेली विवरे एकमेकांना घासली की त्यांच्या कडा सरळ होतात, आणि जुन्या भेगांच्या दिशेने कडा ढासळल्या तरीही तेच होते. आपल्या चंद्रावरही अशी विवरे आहेत. तसेच, शेकडो किलोमीटरचे आघातखोरे उपग्रहाच्या दिसणाऱ्या कडेवर आले की ती कड गोल न दिसता सपाट कापल्यासारखी दिसते. ‘आयापेटस गोल नसून अनेक सपाट पृष्ठांचा आहे’ हा दावा अशाच दोन-तीन छायाचित्रांवर उभा आहे. यान थोडे पुढे सरकल्यावर घेतलेल्या चित्रात ती सपाट बाजू खोऱ्याच्या रूपात ओळखता येते.

माहिती दडवण्याबद्दल एवढेच सांगते की कॅसिनीच्या मोजमापांसह असलेल्या, न दाबलेल्या मूळ चित्रांचे भांडार सर्वांसाठी खुले आहे आणि मी माझे काम तिथूनच करते. सप्टेंबर २००७ च्या भेटीनंतर चित्रे यायला जो उशीर झाला त्याचे कारणही ज्ञात आहे. एका वैश्विक किरणाने यानातला विजेचा एक स्विच पडला आणि यान सुरक्षित अवस्थेत गेले. चित्रे त्याच्या स्मृतीत शाबूत होती, ती नंतर आली.

अचाट कल्पना मांडूच नयेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञ योसिफ श्क्लोव्स्की यांनी मंगळाचा फोबोस पोकळ आणि कदाचित कृत्रिम असावा असे म्हटले होते. फोबोसची कक्षा आकुंचत असल्याचे १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेले मोजमाप त्यांच्यासमोर होते, आणि एवढे आकुंचन मंगळाच्या विरळ हवेच्या घर्षणाने व्हायचे तर फोबोस फारच हलका असला पाहिजे, हे त्यांचे गणित होते. म्हणजे त्यांनी आपली कल्पना एका आकड्याला बांधली होती. तो आकडा पुढे सुधारला, आकुंचन कमी निघाले, ते भरतीबलांनी समजावता आले आणि यानांनी फोबोसची घनता सुमारे १.८७ मोजली. कल्पना पडली, आणि ती पडू शकत होती हाच तिचा गुण होता. याउलट गुरूच्या आयोबद्दल मार्च १९७९ च्या आरंभी पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स यांनी लिहिले की भरतीबलांनी सतत दाबला-ताणला गेल्याने तो आतून वितळलेला असावा. अंधारात, थंडीत फिरणाऱ्या चंद्राएवढ्या गोळ्यावर ज्वालामुखी असू शकतात, ही गोष्ट तेव्हा अनेकांना पचणारी नव्हती. काही दिवसांतच व्हॉयेजर १ तिथे पोहोचले आणि लिंडा मोराबिटो यांना छायाचित्रात उद्रेकाचा फवारा दिसला.

आयापेटस कृत्रिम असल्याचा दावा या दोघांपैकी कोणासारखाही नाही. भिंत सलग असली तर ती शिवण, तुटलेली असली तर शिवण उसवली. घनता कमी तर गोळा पोकळ, शेजाऱ्यांची तेवढीच तर तेही बांधलेले. काय दिसले असते तर हा दावा सोडून द्याल, हे विचारून पाहावे. मी विचारले आहे आणि मला आकडा मिळालेला नाही.

नावाजलेल्या माणसांचीही या क्षेत्रात फसगत झाली आहे, हे लक्षात ठेवावे. आयापेटसचे कोडे ज्यांनी इतक्या निगुतीने सोडवले त्या कॅसिनींनीच १६७२ आणि १६८६ मध्ये शुक्राजवळ उपग्रह पाहिल्याची नोंद केली. पुढे शतकभर इतरांनीही तो ‘पाहिला’, त्याला नीथ असे नावही मिळाले, आणि १८८७ मध्ये बेल्जियन अकादमीने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांतल्या बहुतेक नोंदी शुक्राजवळच्या ताऱ्यांच्या निघाल्या. फीबी शोधणारे विल्यम पिकरिंग यांनी १९०५ मध्ये शनीचा आणखी एक उपग्रह जाहीर करून त्याला थेमिस असे नाव दिले. तो पुन्हा कोणालाही दिसला नाही.

प्रश्नकर्त्याकडे किंवा त्यांच्या ओळखीच्या आकाशनिरीक्षक मंडळाकडे सहा ते आठ इंची दुर्बीण असेल तर कॅसिनींचे निरीक्षण स्वतः करता येईल. आयापेटस शनीच्या पश्चिमेला सर्वांत दूर असतो तेव्हा कड्यांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या रुंदीच्या सुमारे १३ पट अंतरावर पाहावे. तो तिथे दहाव्या प्रतीच्या आसपास, सहज सापडणारा असतो (प्रत हे तेजाचे माप आहे, आकडा जितका मोठा तितका ठिपका अंधुक). त्याच्या आसपासचे तारे कागदावर उतरवून ठेवावेत आणि सुमारे ४० दिवसांनी पूर्वेला तेवढ्याच अंतरावर त्याला शोधावे. तेव्हा तो बाराव्या प्रतीच्या जवळ उतरलेला असतो, आणि शहराच्या उजेडात तो पहिल्या रात्री बहुधा सापडत नाही.